विमानाच्या वेगमापक नलिकेवरील हिमसंचयाची ओळख : तत्त्व, पद्धती आणि मर्यादा

गोषवारा

विमानाचा हवेतील वेग मोजणारी पिटो नलिका रचनेने अत्यंत साधी असली, तरी उड्डाणाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ती कळीची आहे. या नलिकेचे तोंड बर्फाने बंद झाल्यास वैमानिक आणि संगणक या दोघांनाही चुकीचा वेग दिसतो. १९७४ ते २०१८ या काळातील काही गंभीर अपघातांच्या मुळाशी हेच कारण आढळते. प्रस्तुत लेखात पिटो नलिकेचे कार्यतत्त्व, बर्फामुळे तिच्या मापनात होणारे बिघाड आणि हे बिघाड ओळखण्याच्या विविध पद्धती यांचा परामर्श घेतला आहे. वैमानिकासमोरचा इशारादिवा नलिकेच्या तापकाविषयी माहिती देतो, नलिकेच्या तोंडाविषयी नाही, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. नलिकेतील बर्फाची खात्रीची ओळख अन्य स्वतंत्र मापनांशी पडताळणी करूनच होऊ शकते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पिटो नलिका, हिमसंचय, हिमस्फटिक, तापक, समान कारणाने होणारा बिघाड, स्वतंत्र पडताळणी.

१. प्रस्तावना

जमिनीवर धावणाऱ्या वाहनाचा वेग चाकांच्या फेऱ्यांवरून काढता येतो. विमानाच्या बाबतीत हा मार्ग उपलब्ध नसतो. शिवाय विमानाला हवेत तोलून धरणारी उचल ही जमिनीच्या संदर्भातील वेगावर अवलंबून नसून सभोवतालच्या हवेच्या संदर्भातील वेगावर अवलंबून असते. हा वेग फार कमी झाल्यास पंखांवरील हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल एकाएकी घटते. या अवस्थेला स्टॉल असे म्हणतात. वेग फार वाढल्यास विमानाच्या सांगाड्यावर धोकादायक ताण येतो. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात विमान ठेवणे हे वैमानिकाचे मूलभूत कर्तव्य आहे आणि अधिक उंचीवर हा पट्टा अरुंद होत जातो.

अशा या महत्त्वाच्या राशीचे मापन विमानाच्या नाकाजवळ बसवलेल्या काही सेंटिमीटर लांबीच्या नलिकांवर सोपवलेले असते. प्रवासी विमानात साधारणतः तीन नलिका असतात. त्यांच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून त्या विजेच्या साहाय्याने तापवल्या जातात. तरीही १ जून २००९ रोजी रिओ दी जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या नलिका तापत होत्या, तरी त्या हिमस्फटिकांनी काही काळ बंद झाल्या होत्या. तापत असलेली नलिका बंद कशी होते आणि ती बंद झाल्याचे ओळखायचे कसे, या दोन प्रश्नांची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पिटो नलिकेचे कार्यतत्त्व

फ्रेंच अभियंता आन्री पितो याने १७३२ मध्ये पॅरिसच्या सेन नदीतील प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ही नलिका प्रथम वापरली. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी वळणाच्या उच्चारावरून ती आपल्याकडे पिटो नलिका म्हणून ओळखली जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आन्री दार्सी याने तिच्यात महत्त्वाची सुधारणा केली.

नलिकेचे उघडे तोंड प्रवाहाच्या दिशेला असते. समोरून येणारी हवा नलिकेच्या तोंडाशी येऊन थांबते आणि तिच्या गतीचे रूपांतर दाबात होते. या ठिकाणी मिळणारा दाब म्हणजे एकूण दाब होय. विमानाच्या बाजूस, प्रवाहाला समांतर असलेल्या पृष्ठभागावरील छिद्रांमधून सभोवतालच्या हवेचा स्थितिक दाब मिळतो. एकूण दाबातून स्थितिक दाब वजा केला असता गतिक दाब मिळतो. कमी वेगासाठी बर्नुलीच्या तत्त्वानुसार गतिक दाब हा हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. अधिक वेगासाठी हवेच्या संपीडनाचा विचार करून या सूत्रात दुरुस्ती करावी लागते.

येथे राशींच्या परिमाणाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. समुद्रसपाटीवर हवेची प्रमाण घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम मानली जाते. सेकंदाला ७० मीटर या वेगाने उडणाऱ्या विमानाच्या नलिकेत निर्माण होणारा गतिक दाब सुमारे ३ किलोपास्कल भरतो. वातावरणाचा दाब १०१.३ किलोपास्कल असतो. म्हणजेच वेगाची सारी माहिती वातावरणीय दाबाच्या जेमतेम ३ टक्के इतक्या फरकात सामावलेली असते. साहजिकच नलिकेच्या मार्गातील लहानसा अडथळाही मापनात मोठी चूक घडवून आणतो.

नलिकेत पावसाचे पाणी शिरल्यास ते बाहेर जावे म्हणून तिच्या खालच्या अंगाला एक सूक्ष्म निचरा छिद्र ठेवलेले असते. बर्फाच्या परिणामांचा विचार करताना या छिद्राला विशेष महत्त्व प्राप्त होते.

३. बर्फामुळे होणाऱ्या बिघाडाचे प्रकार

नलिकेचा कोणता भाग बंद झाला यावर चुकीचे स्वरूप ठरते.

पहिल्या प्रकारात नलिकेचे समोरचे तोंड बंद होते, मात्र निचरा छिद्र उघडे राहते. अशा वेळी नलिकेत कोंडलेली हवा निचरा छिद्रातून बाहेर पडते आणि आतील दाब स्थितिक दाबाच्या जवळ येतो. परिणामी दर्शवला जाणारा वेग झपाट्याने कमी होतो.

दुसऱ्या प्रकारात तोंड आणि निचरा छिद्र ही दोन्ही बंद होतात. नलिकेतील दाब त्या क्षणी असेल तेवढाच कोंडून राहतो. विमान एकाच उंचीवर असेपर्यंत वेगाचा आकडा स्थिर दिसतो. विमान वर चढू लागले की स्थितिक दाब घटतो, नलिकेतील दाब मात्र तसाच राहतो. त्यामुळे दोहोंमधील फरक वाढतो आणि वेग वाढत असल्याचा भास होतो. विमान खाली उतरताना याच्या उलट घडते. थोडक्यात, वेगमापक हा उंचीमापकासारखा वागू लागतो.

ही चूक किती मोठी असू शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ५,००० मीटर उंचीवर दर्शित वेग सेकंदाला १३० मीटर असताना नलिका पूर्णपणे बंद झाली. संपीडनाचा परिणाम बाजूला ठेवल्यास त्या वेळचा गतिक दाब सुमारे १०.३५ किलोपास्कल भरतो. ५,००० आणि ५,५०० मीटर या उंचींवरील प्रमाण स्थितिक दाबांत सुमारे ३.५ किलोपास्कलचा फरक आहे. म्हणून केवळ ५०० मीटर चढल्यानंतर उपकरण १३.८५ किलोपास्कलचा फरक नोंदवील आणि वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर दाखवील. प्रत्यक्षात वेग मुळीच वाढलेला नसताना, किंबहुना चढताना तो घटत असतानाही, ताशी ७० किलोमीटरहून अधिक वाढ दिसेल. वेग कमी करण्यासाठी वैमानिकाने विमानाचे नाक आणखी वर उचलले, तर चढण्याचा दर वाढतो आणि खोटी वाढही अधिक होते. चूक सुधारण्याचा प्रयत्नच चूक वाढवतो, हा या बिघाडाचा सर्वांत घातक पैलू आहे.

तिसरा प्रकार अंशतः अडथळ्याचा आहे. त्यात आकडा हळूहळू घसरतो किंवा अस्थिर होतो. एकाएकी झालेल्या बदलापेक्षा असा मंद बदल ओळखणे अधिक कठीण असते.

१ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कहून बफेलोकडे निघालेले नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीचे बोइंग ७२७ विमान दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाला बळी पडले. उड्डाणापूर्वी नलिकांचे तापक सुरू केलेले नव्हते. विमान वर चढत असताना वेग सतत वाढत असल्याचे दिसले आणि वैमानिकांनी नाक वर उचलले. स्टॉलपूर्वी जाणवणारी थरथर ही अतिवेगामुळे होणारी थरथर आहे, असा त्यांचा समज झाला. सुमारे दीड मिनिटात विमान जमिनीवर आदळले आणि त्यातील तिघेही कर्मचारी मरण पावले.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण १० ऑक्टोबर १९९७ रोजी दक्षिण अमेरिकेत घडले. पोसादासहून ब्यूनोस आयर्सला जाणाऱ्या ऑस्ट्राल कंपनीच्या डीसी-९ विमानाची नलिका गोठली आणि वेग कमी झाल्याचे दिसू लागले. कमी वेगात उचल वाढवण्यासाठी पंखांच्या पुढच्या कडेवरील फळ्या उघडल्या जातात. विमानाचा खरा वेग त्यासाठीच्या मर्यादेपेक्षा अधिक असल्याने एक फळी तुटली आणि विमान अनियंत्रित होऊन उरुग्वेत कोसळले. त्यात ७४ जणांचा अंत झाला.

४. तापकाचा दिवा आणि त्याचा अर्थ

१९७४ सारख्या घटनांतून एक सरळ उपाय पुढे आला. नलिकेचा तापक बंद असेल, तर तसे वैमानिकाला कळले पाहिजे. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत १९७८ मध्ये अशी तरतूद करण्यात आली. तापक सुरू केलेला नसल्यास, किंवा सुरू करूनही नलिकेतील तापक घटक निकामी झाल्यास, वैमानिकाला स्पष्ट दिसेल असा पिवळसर दिवा लागला पाहिजे, असे त्या नियमाचे स्वरूप आहे.

यासाठी वापरली जाणारी पद्धत विद्युतप्रवाहाच्या मापनावर आधारलेली आहे. तापकाच्या तारेतून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहत असेल, तर तापक चालू आहे असे मानले जाते. प्रवाह नसेल, तर तार तुटली आहे किंवा कळ बंद आहे असा निष्कर्ष निघतो. याच तत्त्वाचा पुढील विस्तार म्हणजे तापकाच्या आरोग्याचे परीक्षण होय. कालांतराने तापकाच्या विद्युतरोधक आवरणात ओलावा शिरतो आणि आवरणातून झिरपणारा प्रवाह वाढत जातो. ही वाढ वेळोवेळी नोंदवल्यास तापक निकामी होण्यापूर्वीच बदलता येतो. तसेच अनेक तापकांचा विद्युतरोध तापमानानुसार बदलत असल्याने, प्रवाहातील बदलावरून नलिकेतून किती उष्णता ओढली जात आहे, याचाही काहीसा अंदाज बांधता येतो.

ही पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या दोन मर्यादा स्पष्टपणे ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा मानवी स्वरूपाची आहे. इशारा मिळाला तरी त्यावर कृती होईलच, याची शाश्वती नसते. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी मॉस्कोहून ओर्स्कला निघालेले साराटोव्ह एअरलाइन्सचे एएन-१४८ विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच कोसळले आणि ७१ जण मरण पावले. तपासात तिन्ही नलिकांचे तापक सुरू नसल्याचे आढळले. १९७४ च्या अपघातानंतर ४३ वर्षांनी तीच चूक पुन्हा घडली होती.

दुसरी मर्यादा तत्त्वाची आहे आणि ती अधिक मूलगामी आहे. तापकाचा दिवा हा विजेविषयी विधान करतो. नलिकेचे तोंड उघडे आहे की बंद, याविषयी तो काहीच सांगत नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून उडालेल्या बिर्गेनएअरच्या बोइंग ७५७ विमानाची एक नलिका बंद होती. तिच्यात गांधीलमाशीसारख्या कीटकाने मातीचे घर केले असावे, असा तपासाचा अंदाज आहे. त्या अपघातात १८९ जण मरण पावले. मातीने बुजलेल्या नलिकेच्या तापकातूनही प्रवाह व्यवस्थित वाहू शकतो. हिमस्फटिकांच्या बाबतीत नेमकी हीच स्थिती असते.

५. हिमस्फटिकांचे वेगळेपण

विमानावर बर्फ साचण्याचे परिचित कारण म्हणजे अतिशीतित जलबिंदू. शून्य अंशाखालील तापमानातही द्रवरूपात राहिलेले हे थेंब थंड पृष्ठभागावर आदळताच गोठतात. विमानांच्या प्रमाणीकरणाचे जुने निकष अशा थेंबांचा विचार करून तयार झाले होते. पंखांवरील बर्फ ओळखण्यासाठी वापरला जाणारा कंपन-संवेदकही याच स्थितीसाठी योग्य आहे. त्यात एक लहान दांडी ठरावीक वारंवारतेने कंप पावत असते. तिच्यावर बर्फ साचला की वस्तुमान वाढते, वारंवारता घटते आणि इशारा मिळतो.

मोठ्या गडगडाटी ढगांच्या वरच्या भागात परिस्थिती निराळी असते. तेथील तापमान इतके कमी असते की द्रवरूप थेंब जवळजवळ उरतच नाहीत, असतात ते सूक्ष्म हिमस्फटिक. हे कोरडे स्फटिक विमानाच्या थंड पृष्ठभागावर आदळून उडून जातात. त्यामुळे पंख स्वच्छ राहतात आणि कंपन-संवेदकालाही काही जाणवत नाही. रडारवरही त्यांची खूण फिकी असते, कारण सारख्याच आकाराच्या जलबिंदूच्या तुलनेत बर्फाचा कण रडारलहरींचे परावर्तन सुमारे एक-पंचमांश इतकेच करतो.

पिटो नलिकेचे तोंड मात्र समोर उघडे असते. आत शिरलेला स्फटिक उडून बाहेर जाऊ शकत नाही. तो तापलेल्या भिंतीला चिकटून वितळतो आणि वितळताना भिंतीची उष्णता शोषून घेतो. स्फटिकांचा ओघ मर्यादित असेपर्यंत पाणी निचरा छिद्रातून बाहेर जाते. ओघ वाढला की उष्णता अपुरी पडते आणि ओलसर बर्फाचा लगदा नलिकेत दाटतो.

याचे ढोबळ गणित पुढीलप्रमाणे मांडता येते. नलिकेच्या तोंडाचा व्यास १ सेंटिमीटर, विमानाचा वेग सेकंदाला २४० मीटर आणि दर घनमीटर हवेत ५ ग्रॅम बर्फ आहे असे मानू. तोंडाच्या क्षेत्रफळावर सेकंदाला सुमारे ०.०९४ ग्रॅम बर्फ येऊन आदळेल. उणे ४० अंशांवरील हा बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे ८ वॅट आणि तो वितळवण्यास, द्रवणाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ३३४ ज्यूल धरून, सुमारे ३१ वॅट लागतील. तयार झालेल्या पाण्याची संपूर्ण वाफ करायची झाल्यास आणखी सुमारे २३५ वॅट लागतील. याखेरीज भोवतालची वेगवान थंड हवा नलिकेच्या बाह्य पृष्ठभागावरून सतत उष्णता वाहून नेत असते. वेगामुळे हवा दाबली जाऊन थोडी तापते हे खरे, परंतु ती पुरेशी तापत नाही. ३५,००० फुटांवर ध्वनीच्या ०.८ पट वेगाने उडताना बाहेरील उणे ५४ अंशांची हवा थांबवली असता तिचे तापमान सुमारे उणे २६ अंशांपर्यंतच चढते. तापकाची क्षमता काहीशे वॅटचीच असल्याने बर्फाचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की हा ताळेबंद बिघडतो, हे यावरून लक्षात येते.

या सर्व काळात तापकातून प्रवाह वाहतच असतो आणि इशारादिवा विझलेलाच राहतो. वैमानिकासमोर खिडकीवर बर्फ दिसत नाही, पंखांवर बर्फ नसतो, तापक सुरू असतो आणि तरीही वेगाचा आकडा खोटा असतो.

२००९ च्या अपघातानंतर युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संबंधित विमानांवरील विशिष्ट नमुन्याच्या नलिका काढून टाकण्याचा आदेश दिला. अमेरिकेने २०१४ मध्ये प्रमाणीकरणाच्या नियमांत मोठे अतिशीतित थेंब, मिश्र स्थिती आणि हिमस्फटिक यांचा समावेश केला. या सुधारणांमुळे नलिका अधिक सक्षम झाल्या. तथापि, अधिक सक्षम तापक म्हणजे बर्फाची ओळख नव्हे. ओळखीसाठी निराळा विचार करावा लागतो.

६. अप्रत्यक्ष ओळखीच्या पद्धती

नलिकेच्या तोंडाकडे पाहण्याची थेट सोय नसल्याने तिने दिलेल्या संकेताचीच चिकित्सा करावी लागते. यासाठी प्रामुख्याने चार मार्ग अवलंबिले जातात किंवा सुचवले गेले आहेत.

(अ) परस्पर तुलना : तीन नलिकांपैकी एकीचे मापन इतर दोघींहून वेगळे असल्यास ती सदोष मानून वगळली जाते. ही बहुमताची पद्धत सोपी आणि प्रचलित आहे. परंतु तिच्यामागे तिन्ही नलिका एकाच वेळी आणि एकाच प्रकारे बिघडणार नाहीत, असे गृहीतक आहे. एकाच ढगातून जाणाऱ्या, एकाच रचनेच्या तीन नलिकांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. यालाच समान कारणाने होणारा बिघाड म्हणतात. बहुमत चुकीचे ठरल्याचे एक उदाहरण पिटो नलिकेचे नसले, तरी येथे उद्बोधक आहे. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पेर्पिन्याँजवळ चाचणी-उड्डाण करणाऱ्या एअरबस ए-३२० विमानाचे दोन आघात कोन संवेदक आत शिरलेले पाणी गोठल्याने जवळजवळ एकाच स्थितीत अडकले होते. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातील कोन हे संवेदक मोजतात. दोन सदोष संवेदकांचे एकमत झाले आणि तिसरा, खरे सांगणारा संवेदक संगणकाने नाकारला. त्या अपघातात विमानातील सातही जण मृत्युमुखी पडले.

(आ) बदलाच्या दराचे परीक्षण : अवजड प्रवासी विमानाचा वेग काही सेकंदांत फार बदलू शकत नाही. एअर फ्रान्स ४४७ च्या प्रकारातील विमानांत, तीन वेगांच्या मधल्या मूल्यात एका सेकंदात ३० नॉटहून अधिक घट झाल्यास संगणक ते मापन अविश्वसनीय मानतो. या निकषामागील तर्क साधा आहे. एका सेकंदात ३० नॉटची घट म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दीडपटीहून अधिक मंदन होय. सरळ उड्डाणात विमान असे मंदावू शकत नाही आणि वाऱ्यात एका सेकंदात इतका फरक पडणेही अत्यंत दुर्मीळ आहे. म्हणून दोष विमानात नसून मापनात आहे, असे अनुमान निघते. एकाएकी झालेला अडथळा या पद्धतीने लगेच ओळखता येतो. मात्र हळूहळू साचणारा बर्फ या निकषातून निसटू शकतो.

(इ) संकेतातील सूक्ष्म चढउतार : उघड्या नलिकेतील दाब कधीही पूर्णपणे स्थिर नसतो. हवेतील खळबळीमुळे त्यात सतत बारीक चढउतार होत असतात. नलिकेचे तोंड बंद झाले की हे चढउतार क्षीण होतात आणि संकेत अस्वाभाविकपणे गुळगुळीत होतो. एरवी मापनातील नको असलेली बाब म्हणून गाळून टाकला जाणारा हा गोंगाट येथे नलिका जिवंत असल्याची खूण ठरतो. या पद्धतीचा विशेष असा की ती प्रत्येक नलिकेची तपासणी स्वतंत्रपणे करू शकते, बहुमताची गरज भासत नाही. अतिशय शांत हवेत मात्र निरोगी नलिकेचा संकेतही सौम्य असतो, ही तिची मर्यादा होय.

(ई) स्वतंत्र राशींशी पडताळणी : विमानाचे वजन, आघात कोन आणि उभ्या दिशेतील त्वरण माहीत असल्यास, तेवढी उचल निर्माण करण्यासाठी किती वेग आवश्यक आहे हे काढता येते. त्याचप्रमाणे उपग्रहीय यंत्रणेकडून मिळणारा जमिनीच्या संदर्भातील वेग आणि नुकत्याच नोंदवलेल्या वाऱ्याचा वेग यांच्या आधारेही अंदाज बांधता येतो. उदाहरणार्थ, हवेतील वेग ४७० नॉट आणि मागून वाहणारा वारा ३० नॉट असताना उपग्रहीय वेग ५०० नॉट असेल. पिटो मापन एकाएकी ३०० नॉटवर आले आणि उपग्रहीय वेग ५०० नॉटच राहिला, तर मागून वाहणारा वारा क्षणार्धात २०० नॉट झाला असे मानावे लागेल. त्यापेक्षा नलिका बंद झाली, हे स्पष्टीकरण कितीतरी अधिक संभाव्य आहे. बोइंग ७८७ विमानात आघात कोन आणि जडत्वमापन यांच्या साहाय्याने असा पर्यायी वेग काढला जातो. एअरबसने आघात कोनावर आधारित पर्यायी वेगपट्टी विकसित केली. तिचे मूळ स्वरूप २५,००० फुटांहून अधिक उंचीवर वापरण्यासाठी नव्हते, ही मर्यादा लक्षणीय आहे.

पर्यायी मापनही वातावरणापासून सर्वस्वी मुक्त नसते. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला जाणारे ए-३२१ विमान पठाणकोटजवळ ३६,००० फुटांवर गारपीट आणि तीव्र खळबळीत सापडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निवेदनानुसार, त्या वेळी आघात कोनातील दोषाचा आणि पर्यायी वेगपट्टी अविश्वसनीय असल्याचा इशारा मिळाला, ऑटोपायलट बंद पडला आणि विमान काही काळ मिनिटाला ८,५०० फूट इतक्या दराने खाली आले. वैमानिकांनी विमान हाताने चालवून ते श्रीनगरला सुखरूप उतरवले. पडताळणीची साधने जितकी भिन्न तत्त्वांवर आधारलेली असतील, तितकी ती एकदम बिघडण्याची शक्यता कमी, हा बोध यातून घेता येतो.

७. ओळखीनंतरचा प्रश्न

एअर फ्रान्स ४४७ च्या बाबतीत बिघाडाची दखल संगणकाने तत्काळ घेतली होती. समन्वित वैश्विक वेळेनुसार २ वाजून १० मिनिटे ५ सेकंदांनी ऑटोपायलट बंद पडला. नलिका एका मिनिटाच्या आतच पूर्ववत झाल्या. परंतु तोवर विमानाचे नाक वर उचलले गेले होते आणि विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढून स्टॉलमध्ये गेले. ऑटोपायलट बंद पडल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत ४ मिनिटे २३ सेकंदांचा अवधी गेला. मे २०११ मध्ये समुद्रतळातून उड्डाण नोंदयंत्रे वर काढण्यात आली आणि जुलै २०१२ मध्ये फ्रेंच तपास संस्थेचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला.

या अहवालातील एक तांत्रिक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. दर्शित वेग ६० नॉटखाली गेल्यास संगणक आघात कोनाचे मापन अग्राह्य मानत असे आणि मग स्टॉलचा इशाराही थांबत असे. त्यामुळे स्टॉल अधिक गंभीर झाला असता इशारा बंद होई आणि नाक किंचित खाली आणले असता तो पुन्हा सुरू होई. एका संवेदकाची ग्राह्यता दुसऱ्याच्या आकड्यावर सोपवल्याने योग्य कृतीच चुकीची वाटावी, अशी स्थिती निर्माण झाली.

दुसरी बाब सूचनेच्या स्वरूपाची आहे. संगणकाला मापन अविश्वसनीय असल्याचे कळले होते. मात्र 'तिन्ही वेगमापने अविश्वसनीय आहेत' असा एकच स्पष्ट संदेश वैमानिकांना मिळाला नाही. त्यांना मिळाली ती परिणामांची यादी. अशा प्रसंगी प्रस्थापित कार्यपद्धती साधी आहे : वेगाच्या आकड्यामागे न धावता विमानाच्या नाकाचा कोन आणि इंजिनांची शक्ती ठरावीक मूल्यांवर स्थिर ठेवावी. स्थिर उड्डाणात या दोन राशी योग्य असल्या की वेग आपोआप योग्य मर्यादेत राहतो. या पद्धतीसाठी पिटो नलिकेची गरज लागत नाही. म्हणूनच ओळखीच्या यंत्रणेचे यश इशारा देण्यात नसून, कोणत्या मापनावर विश्वास ठेवू नये आणि कोणत्यावर ठेवावा हे वेळेत सांगण्यात आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. नलिकेतील हिमसंचयाच्या अपघातांचे दोन वेगळे वर्ग आहेत. तापक सुरू नसणे हा पहिला वर्ग प्रवाहमापनाने ओळखता येतो. तापक सुरू असूनही उष्णता अपुरी पडणे हा दुसरा वर्ग त्या पद्धतीने ओळखता येत नाही.

२. हिमस्फटिकांच्या बाबतीत पंखांवरील बर्फ, रडारवरील खूण आणि तापकाचा दिवा हे तीनही नेहमीचे संकेत वैमानिकाला निर्धास्त करू शकतात.

३. समान रचनेच्या नलिकांची संख्या वाढवल्याने समान कारणाने होणाऱ्या बिघाडाचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी भिन्न तत्त्वांवर आधारलेली पडताळणी आवश्यक आहे.

४. बदलाचा दर, संकेतातील सूक्ष्म चढउतार आणि स्वतंत्र राशी यांपैकी कोणतीही एक पद्धत स्वतःपुरती परिपूर्ण नाही. एकाची उणीव दुसरी भरून काढते.

५. ओळख आणि उमज यांत अंतर आहे. संगणकाला झालेली ओळख स्पष्ट शब्दांत वैमानिकापर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग होत नाही.

महाविद्यालयीन भौतिकशास्त्रात पिटो नलिका बर्नुलीच्या तत्त्वाचे एक उपयोजन म्हणून शिकवली जाते आणि गतिक दाबावरून वेग काढण्याचे उदाहरण सोडवून तो भाग संपवला जातो. त्या उदाहरणात नलिकेचे तोंड उघडे आहे, हे गृहीत धरलेले असते. कोणत्याही मापनाच्या मागे असे न बोललेले गृहीतक असते आणि ते तपासण्याचे साधन त्या मापनाच्या बाहेर शोधावे लागते. विमानाच्या वेगमापनाचा इतिहास ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. ती वर्गात सूत्रासोबतच सांगितली जाणे उचित ठरेल.